कब्रस्तान वाचवणारं वळण

प्रिय अब्बा,

घरात आपण दखनी बोलायचो, पण नोकरीच्या गावाहून तुम्ही पत्रं मात्र मराठीतच लिहायचात. म्हणून हेही मराठीत. काल रस्त्याच्या मोजणीची माणसं आली आणि तुमच्या कबरीच्या उशाशी चुन्याची फुली मारून गेली. घाटातला रस्ता सरळ होतोय. आता गप्प कशी बसू?

घाटाचा नकाशा काढताना तुम्ही मला शेजारी बसवायचात, आठवतं? उंचीच्या रेषा दाटल्या की कडा, विरळ झाल्या की सपाटी. त्या अरुंद खिंडीत विरळ रेषा एकाच जागी होत्या, आपल्या कब्रस्तानात. रस्ता तिथूनच जायला हवा होता. तुम्ही तो दरीच्या काठाने वळवलात आणि गावाने तुम्हाला डोक्यावर घेतलं. मीही किती मिरवले!

मग ऊसतोडीहून परतणारी माणसं घेऊन येताना आपल्या सलीमची जीप त्याच वळणावर दरीत गेली. वाचवलेल्या जागेतच तुम्ही पोटचा मुलगा पुरलात. हातांची माती न धुताच अम्मीला एवढंच म्हणालात, "लकीर मेरीच थी."

पुढे दर हंगामाला मोजणीचा लाल-पांढरा दांडा घेऊन तुम्ही वळणावर उभे राहायचात, गाड्या हळू करत. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला वेड लागलं. माझ्याशी तरी का बोलला नाहीत, अब्बा? मी रागावले असते, पण तुमच्याजवळ बसले असते.

आज तुमचे दोस्त, माजी सरपंच, घरी आले होते. शुक्रवारी नमाजनंतर बैठक आहे. म्हणाले, "तुज्या बापानं ती जागा राखली, पोरी. आता तूच न्हाई म्हन. सारं गाव तुज्यामागं हाय."

मी त्यांना चहा दिला. दुपारी वळणावर जाऊन आले. कठडा पुन्हा तुटलाय.

मी सरळ रस्त्याला हो म्हणणार आहे, अब्बा. मेलेल्यांना उठवू नये, हे मलाही शिकवलंय. पण जिवंत माणसं अजून त्याच वळणावरून येतात. माळावर नवी जागा मिळणार आहे. सलीम तुमच्या शेजारीच असेल, एवढं मी पाहीन.

बायकांनी आत जायचं नाही, म्हणून आजवर कुंपणाबाहेरूनच फातिहा पढले. या वेळी तुम्हा दोघांना न्यायला मी आत येणार.

तुमचीच,
नसीम