नाव कुणाचं टाकायचं

सर,

आज तुमचा लई राग आलाय. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण म्हणणाऱ्यांचं काय जातंय! तुम्ही होतात तेव्हा तुमच्यापुढं तोंड वर करून बोलायची माझी टाप नव्हती. तुम्ही पेपरचे संपादक, मी मेंढरांमागून उठून आलेली बावीस वर्षांची पोर. बातमी लिहायला तुम्ही शिकवलंत, हे मी कुठं नाकारत नाही, वर्गात दर वर्षी पोरांना सांगते. पण शिकवताना काय सोडून दिलंत ते आज बोलणार आहे. मधे बोलू नका. तुम्हाला मधे बोलायची फार खोड होती.

झालं असं, की मी जिथं शिकवते त्या कॉलेजनं परदेशातल्या एका कॉलेजशी जोडून घेतलंय. पर्यावरणाच्या बातम्या कशा करायच्या ते दोन्हीकडच्या पोरांनी एकत्र शिकायचं. आधी आपली आठ पोरं तिकडं पंधरा दिवस राहून आली, आता तिकडची आठ इथं आलीत. आपल्या पोरांनी तिकडच्या नदीत पोहतानाचे फोटो आणले. भर शहरातली नदी आणि तिच्यात माणसं पोहतात, हे सांगताना पडेगावच्या एका पोरीचा आवाज चिरकला. ‘मॅडम, आपल्या खाम नदीत कुणी पाय तरी घालतं का?’ या पोरीवर माझा जीव आहे. बापाचं गॅरेज आहे, पोर भांडखोर आहे, आणि लिहिते अशी की दोनदा वाचावं लागतं. तिची जोडी तिकडच्या एका लाजाळू मुलाशी लावलीय. तो बाटलीशिवाय पाणी पीत नाही आणि दर वाक्याला थँक्यू म्हणतो. ह्या सगळ्यांना गावं दाखवायची, बोलणं समजावून द्यायचं, हे काम माझ्याकडं आलं.

तिकडून त्यांच्यासोबत एक बाई शिकवायला आल्यात. मनानं चांगल्या आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, माणूस दाखवा, त्याचं नाव लिहा, चेहरा छापा, त्याशिवाय वाचणाऱ्याचा विश्वास बसत नाही. मी मागच्या बाकावर बसले होते. अहो, हे तुमचंच! तुम्ही फक्त पान चघळत सांगायचात. ‘बिननावाची बातमी म्हणजे पारावरची गप. नाव आण, गाव आण, फोटो आण, मग माझ्या टेबलाशी ये.’

आणि मी आणलं. पैठण रोडच्या कारखान्यांच्या मागं आमची वस्ती, वस्तीच्या मागं नाला. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर नाल्याला उग्र वास यायला लागला, आणि पाणी प्यालेल्या मेंढ्यांना मेलेली कोकरं व्हायला लागली. बातमी माझ्या घरातच होती. मी मायचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. फोटोग्राफर माझ्याबरोबर आला तेव्हा माय पदर नीट करून मेंढीशेजारी उभी राहिली. तिला वाटलं, पोरीच्या ऑफिसातला माणूस आलाय, हौसेनं फोटो काढतोय. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. हे छापलं तर काय होईल, असं तिला कुणी विचारलं? तुम्ही नाही आणि मीही नाही. पहिल्या पानावर बातमी आली, तुम्ही पाठ थोपटलीत आणि पेढ्यांचा डबा हातात दिलात. ‘घरी ने. आईला म्हणावं, पोरगी कामाची निघाली.’ मायनं ते पेढे वस्तीत घरोघर फिरून वाटले.

मेंढरं रानात बसवणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. त्या परदेशी पोरांना मला सांगावं लागलं. सुगी उरकली की शेतकरी मेंढपाळाला बोलावतो, कळप चार-आठ दिवस त्याच्या रानात बसतो, लेंड्यांचं खत जमिनीला मिळतं आणि मेंढपाळाच्या घरात वर्षाची ज्वारी येते. आमची मेंढरं तुमच्या भावाच्या रानात बसायची. तिथंच तर तुम्ही मला पहिल्यांदा पाहिलंत. मी बांधावर कॉलेजचं पुस्तक घेऊन बसले होते आणि तुम्ही म्हणालात, वाच बरं मोठ्यानं. बातमी आली त्या वर्षी माय नेहमीसारखी कळप घेऊन गेली, तर तुमचे भाऊ बांधावरच उभे. ‘औंदा नको, मावशे. पेपरात आलंय तुझं. तसलं पाणी पिणारी जनावरं, त्यांच्या लेंड्या रानात कोण घेईल?’ शेजारच्यानंही तेच सांगितलं, त्याच्या शेजारच्यानंही. बाजारात व्यापारी मेंढराच्या तोंडाकडं बघायच्या आधी मायच्या तोंडाकडं बघायचा. फोटो लई चांगला आला होता ना!

मी तुमच्या घरी आले होते. आठवतं? काकू भाकऱ्या थापतायत, तुम्ही पाटावर जेवायला बसलाय, मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. काकू म्हणतात, ‘बस गं, दोन घास खा.’ मी म्हणते, सर, तुमच्या भावाला एकदा सांगा. नाल्याचं पाणी आता आम्ही पाजत नाही, विहिरीवर नेतो, त्यांनी येऊन बघावं. तुम्ही वरणात भाकरी चुरत होतात, मान वर केली नाहीत. ‘बातमी बातमीच्या जागी, शेत शेताच्या जागी. भावाच्या शेतात मी काय बोलणार? आणि तू आधी ठरव, तू पत्रकार आहेस का मेंढरं राखणारी.’ काकूंचा हात तव्यावरच थांबला. मी दोन घास न खाता निघून आले. सर, आपल्या भावाशी एक शब्द बोलायला तुम्हाला काय धाड भरली होती? कारखान्यावर तीन दिवस अग्रलेख लिहिलेत तुम्ही! काय एकेक शब्द होता! आणि स्वतःच्या बांधावर तुमची वाचा बसली. धन्य तुमची.

दोन वर्षांत कळप विकला. माय त्याच कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली झाडू मारायला लागली. हो, त्याच. सकाळी गेटवर रांगेत उभी राहायची, कपाळाला पट्टी लावल्यासारखा रुमाल बांधून. मेंढरांच्या मागं दिवसभर शिट्ट्या घालणारी बाई, तिथं कुणाशी बोलेना. कारखान्याला नोटीस गेली होती, तिचं काय झालं ते तुम्हालाही कळलं नाही आणि मलाही नाही.

आता परवाचं ऐका. पोरांना घेऊन मी त्याच नाल्यावर गेले. मीच नेलं, दुसरीकडं नेता आलं असतं. नाल्याच्या खालच्या अंगाला एका मेंढपाळ बाईचा कळप होता. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. परदेशी मुलगा पाण्यात कागदाची पट्टी बुडवून रंग बघायला लागला तशी ती हसली. ‘त्या कागदाला काय इचारतो, बाबा? माझ्या मेंढरांला इचार. पाण्यापशी जात्यात, हुंगत्यात आन् माघारी फिरत्यात. ज्या प्याल्या त्यांची तीन कोकरं मेलेली पडली.’ पडेगावच्या पोरीनं भराभर लिहून घेतलं. नाव विचारलं. बाईनं ठणकावून सांगितलं, ‘लिही, फोटो काढ, म्या कुणाला भीत नाय.’ मग संमतीपत्र निघालं. दोन पानं. सदर माहितीच्या प्रसिद्धीमुळे उद्भवणाऱ्या परिणामांची मला पूर्ण जाणीव आहे! पोरीनं ते सगळं वाचून दाखवलं, बाई प्रत्येक वाक्याला व्हय-व्हय म्हणाली आणि अंगठा उठवला. तुमच्या वेळी हे नव्हतं. आता असतं. फरक एवढाच.

माझ्यानं राहवलं नाही. मी विचारलं, ‘मावशी, औंदा मेंढरं कुणाच्या रानात बसवायचीत?’ तिनं दोन शेतकरी सांगितले. ‘त्यांनी हे वाचलं तर?’ मग तिनं शाईचा अंगठा लुगड्याला पुसला. ‘बाई, ह्यो अंगठा माघारी घेता येतो का?’ पोरगी माझ्यावर ओरडलीच, ‘मॅडम, तुम्ही बातमी मारताय!’ तो मुलगा घाबरून एकदा हिच्याकडं, एकदा माझ्याकडं. मी पोरीच्या हातातलं संमतीपत्र घेतलं आणि बाईला परत दिलं. मला वाटलं, झालं, वीस वर्षांपूर्वी जे कुणी केलं नाही ते मी केलं. खरं सांगते, छाती जरा फुगलीच होती.

‘तुमाला ह्ये एवढं कसं ठावं?’ बाईनं विचारलं. मी म्हटलं, माझी माय मेंढरंच राखायची, ह्याच नाल्यावर, आमचीही कोकरं अशीच गेली. ‘म्हंजी तुमीबी ह्येच पाणी प्याला असाल?’ म्हटलं, व्हय. लहानपणी ओंजळीनं. ‘मंग तुमचंच नाव टाका की!’ ती म्हणाली. ‘तुमाला कुठं कुणाच्या रानात बसायचंय?’

एवढं बोलून ती मेंढरांमागं गेली. टोमणा मारला नव्हता हो तिनं, सरळ अडचणीतून वाट दाखवली होती. परतताना गाडीत पोरगी माझ्याकडं वळून म्हणाली, ‘मॅडम, टाकू का तुमचं? दोन्ही देशांत छापून येणारे. मंगळवारी द्यायचंय.’ मी म्हटलं, बघू. बघू! कॉलेजात मला नवऱ्याच्या आडनावानं ओळखतात. स्टाफरूममध्ये कुणी पोराला धनगर म्हणून हिणवलं तर मी वह्या तपासत असते. पंचवीस मुलं दर वर्षी माझ्याकडून शिकतात की खरं लिहायला भ्यायचं नाही, आणि परवापर्यंत त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं की मी कुठली.

सर, आता तुमची पाळी होती ना मधे बोलायची? बोलला असतात, ते मला माहीत आहे. म्हणूनच सांगून टाकते. ती बातमी छापायला जाण्याआधी तुम्ही कागद माझ्यापुढं धरला होतात. वर माझं नाव घातलं होतंत, तुमच्या अक्षरात. म्हणालात, लेकीनं आईची बातमी केली, हे लोकांना कळू दे, बातमीचं वजन वाढेल आणि आईला हात लावताना चार लोक विचार करतील. मीच तुमचा हात धरला. म्हटलं, नको सर, आडनाव एकच आहे, फोटोग्राफरला कळलं तेवढं पुरे, ऑफिसात सगळ्यांना कळेल मी मेंढपाळाची आहे ते. तुम्ही माझ्या नावावर रेघ मारून तिथं ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ लिहिलंत. माय मरेपर्यंत तुम्हाला शिव्या देत होती. म्हणायची, त्या संपादकानं माझं नाव छापून माझी मेंढरं खाल्ली. मी तिचे पाय चेपत बसलेली असायचे आणि तिला देऊ द्यायचे. आज मंगळवार आहे. सकाळपासून पोरीचे तीन फोन येऊन गेले, मी एकही उचलला नाही.