म्हाताऱ्या मॅक्सचा रंग

६ जानेवारी
संकल्प: वजन उतरवणे, रोज एक पान लिहिणे, मारिविकवर न चिडणे. आमच्या कॉमिकचा शेवटचा अंक जूनमध्ये काढायचाच. त्यात चार शाळकरी दोस्त इथल्या, कॅनडातल्या विनिपेगच्या जुन्या आइस-रिंकखालच्या यंत्रातून काळात ये-जा करतात. या वेळी पन्नास वर्षं पुढे जाऊन स्वतःलाच भेटणार. लिहिणारा मी, चित्रं आणि रंग मारिविक दालिसाय हिचे. शाळेपासूनची मैत्रीण. त्यातला मॅक्स म्हणजे मीच, त्यामुळे म्हाताऱ्या मॅक्सच्या चित्रासाठी तिच्या स्वयंपाकघरात खिडकीशी तिच्यासमोर बसायचं कामही माझं. चेहराच तसा आहे.

१९ जानेवारी
पट्टा दोन भोकं आत. बटाटा भरलेल्या, लोण्यात परतलेल्या पेरोगी समोर आल्या तरी नको वाटतात. यालाच मनोनिग्रह म्हणतात. पान लिहिलं नाही, पण एक संकल्प तरी पार पडला.

२ फेब्रुवारी
मारिविकने रंगवलेला म्हातारा मॅक्स स्क्रीनवर आला. पिवळाधमक. मारिविकला फोन. म्हणाली, उजेडात जसा दिसलास तसा रंगवला. मग म्हणाली, लूबो, डॉक्टरकडे जाऊन ये ना. रंग चुकला की विषय बदलायचा, ही तिची जुनी खोड.

९ फेब्रुवारी
मोठ्या मनाने दोष स्क्रीनला दिला आणि नवीन आणला. मॅक्स तसाच. छापखान्यातल्या गॉर्डकडून नमुना छापून घेतला. तरी तसाच. बाकीचे तीन म्हातारे मात्र टुणटुणीत. गॉर्डला म्हटलं, पिवळी शाई कमी कर. म्हणाला, मग बाकीचे तिघे जांभळे पडतील. आणि माझ्याकडे टक लावून बघत बसला. गिऱ्हाइकाशी वागायची पद्धत नाही.

१४ फेब्रुवारी, सकाळ
अंगाला खाज. हीटरची कोरडी हवा, शिवाय लोकरीचा स्वेटर. लघवी कडक चहासारखी. नवा संकल्प: पाणी भरपूर पिणे. डॉक्टरचं बर्फ वितळल्यावर बघू. आत्ता रस्ते निसरडे आहेत, उगाच पाय मोडायचा.

२२ फेब्रुवारी
मारिविकने हद्द केली. आमचा नियम पक्का: चित्रं तिची, शब्द माझे. ती संवादाचे फुगे रिकामे ठेवते, मी भरतो. आज एक फुगा भरूनच आला. चौघांतली छोटी टेस म्हाताऱ्या मॅक्सला विचारते, तू डॉक्टरला वेळेवर दाखवलं का नाहीस? फोन करून झाडलं. म्हणाली, मग ती पोर त्याला बघून दुसरं काय विचारेल, ते तूच लिही. लिहिलं: 'मॅक्स, इथे थंडी फार आहे का रे?' झकास.

३ मार्च
पुढचं पान. पोरं परत निघालीत, बाकावर म्हातारे निरोप देतायत. तीनच. फोन करून म्हटलं, बाई, एक माणूस राहिला. म्हणाली, काढायला बसते, पण हात चालत नाही रे. वयाबरोबर आळस येतोच. मी समजून घेतलं.

८ मार्च
ठरवलं, मॅक्सचा रंग आपणच दुरुस्त करू. खऱ्या कातडीशी ताडून बघायला नमुन्याचं पान गालाला लावलं, आरशासमोर. दोन्ही रंग एकच. डोळ्यांतलासुद्धा. आरसा जुना झालाय.

पण आरशात पानाचा समास पांढराशुभ्र दिसत होता. तोच आरसा. भीती वाटली. मारिविकला फोन केला. ती गाडी घेऊन आली, काही न विचारता.

११ मार्च, दुपार
स्वादुपिंडाशी गाठ आहे. पोटात पसरलीय. डॉक्टरीणबाई तरुण, हळू बोलणारी. मी म्हटलं, जूनमध्ये अंक निघतोय, तो निघाला की लगेच येऊन भरती होतो. ती म्हणाली, मिस्टर ह्रिंचुक, जूनचं आत्ता नको बोलूया.

मारिविक बाहेर बसली होती. तिला म्हटलं, रंग बरोबर आहे, छापायला दे. म्हणाली, मी तो तीनदा बदलून पाहिला होता. मग माझा कोट हातात घेऊन उभी राहिली.