पुढच्या हद्दीत

आबा,

तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, आणि तुम्ही मला लावून दिलेली पाटावरची नोकरी सोडून मला आठ. मधल्या काळात मी ख्रिस्ती झालो. हे तुमच्यासमोर म्हणायची माझी छाती झाली नसती. तुम्ही आधी पायातलं काढलं असतं आणि मग कारण विचारलं असतं. आता कारण सांगतो, निवांत ऐका. तसंही तुम्हाला आता उठून कुठं जायचं नाही.

मला पाटाचं पाणी अडवायच्या आपल्या दारावरची ती सकाळ आठवते. मी एकोणीस वर्षांचा, तुमच्या हाताखाली काम शिकतोय. पाटाचं पाणी दारापाशी संथ होतं, तिथं एक माणूस पालथा येऊन टेकलाय. मी ओरडणार तेवढ्यात तुम्ही माझ्या तोंडावर हात ठेवता. 'तोंड बघायचं न्हाय. तोंड बघितलं की वळख निघती, आन् वळख निघाली की तू साक्षीदार.' मग शांतपणे सांगता, की प्रेत आपल्या हद्दीत निघालं तर पंचनामा होतो, फौजदार येईपर्यंत दार बंद राहतं, खालच्या ऊसवाल्यांची पाण्याची पाळी बुडते आणि आपल्याला इंदापूरच्या कोर्टात वर्षभर हेलपाटे घालावे लागतात. म्हणून वडगाव निंबाळकरच्या पाटकऱ्यानं आपल्याकडं लोटायचं आणि आपण अंथुर्ण्याकडं. तुम्ही दार हातभर उचललंत, फांद्या सारायचा बांबू त्याच्या खांद्याला लावलात आणि म्हणालात, 'जा बाबा पुढं. हितं तुजं कुनी न्हाय.' तो गेला. मी विचारलं, 'शेवटाला कोन काढतं?' 'आसतंच कोन ना कोन,' असं म्हणून तुम्ही हात धुतलेत आणि भाकरीचं फडकं सोडलंत. मला तुमचं तेव्हा कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. माझा बाप कशाला म्हणून डगमगत नाही, असं वाटलं.

तुमच्या माघारी मी चार जण लोटले. एकाचंही तोंड बघितलं नाही. मग मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढच्या साली, चैत्रातल्या भर दुपारी, हिरव्या लुगड्यातली एक बाई आली. पाटावर चिटपाखरू नव्हतं. पाणी इतकं गप्प होतं की मला माझाच श्वास ऐकू येत होता. मी दार उचललं, बांबू खांद्याला लावला आणि तुमचेच शब्द म्हणालो, फक्त बाबाच्या जागी बाई. आणि तिची बोटं बांबूवर मिटली. अडकली नव्हती, आबा. आधी करंगळीकडची दोन मिटली, मग बाकीची. मी बांबू हिसडला. ती सुटली, दाराखालून गेली, आणि पलीकडं मी वळूनसुद्धा बघितलं नाही. हात धुतले, कांदा फोडला, भाकरी खाल्ली. सगळी खाल्ली. त्या भाकरीची मला आजही सगळ्यात जास्त शरम वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाभळीची फांदी सारायला बांबू पाण्यात घातला, तर खालून तो कुणीतरी धरला. ओढला नाही. नुसता धरला, जरा वेळ ठेवला आणि सोडला. मग रोजच. मी अंथुर्ण्याच्या पाटकऱ्याला आडून आडून विचारलं, तर तो हसला. 'ह्या म्हैन्यात तुज्याकडनं काय बी आलं न्हाय बाबा. आमाला जरा इसावा हाय.' पाणी बंद झालं तेव्हा मी पाटाच्या तळातून त्याच्या दारापर्यंत चालत गेलो. चिखल, शिंपले, एक चेपलेला तांब्या. लुगड्याची चिंधीदेखील नाही. कऱ्हाटीचा देवऋषी म्हणाला, ओटी भर, वाट मोकळी कर. पाणी आलं तशी खणानारळानं ओटी भरली. नारळ दाराखालून सुरळीत गेला. पाठोपाठ मी बांबू घातला, तर ती होतीच. त्या आठवड्यात मी पाटाच्या इन्स्पेक्टरसाहेबांच्या पुढ्यात बांबू ठेवला आणि तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं. त्यांनी मला वेड्यात काढलं. अशी नोकरी कोण सोडतं?

उजवा हात थरथरायचा थांबेना, म्हणून बारामतीत मिशनच्या दवाखान्यात गेलो. तिथं रांगेतल्या आजाऱ्यांना एक म्हातारी विधवा शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, गोष्टी सांगायची. सगळे तिला मावशी म्हणत. त्या दिवशी ती सांगत होती, की एक शिष्य पाण्यावरून चालता चालता बुडायला लागला आणि प्रभूनं हात पुढं करून त्याला धरलं. मी रांग सोडून कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो. ती पाठीमागून आली, पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, 'सांग.' मी सगळं सांगितलं. मला वाटलं, ती भूत म्हणेल, नाहीतर मनाचे खेळ म्हणेल. तिनं दोन्हीपैकी काही म्हटलं नाही, एवढंच विचारलं, 'तिनं धरलं तवा तिला वर घ्यायचा जोर तुज्या हातात हुता का?'

'हुता.'

'मग घेतली का न्हाईस?'

'पंचनामा झाला आसता.'

तिनं तांब्या माझ्या हातातून घेतला. मग म्हणाली, 'हेच आसंच्या आसं फौजदाराला सांगून ये.' मी गेलो. फौजदारानं ऐकून घेतलं, दोन ठिकाणी विचारणा केली आणि मला हाकलून दिलं. मढं नाही, फिर्याद नाही, कुणाची बाई हरवल्याची वर्दी नाही. गुन्हा कुठला नोंदवायचा? मावशीकडं परत आलो आणि लहान पोरासारखा रडलो, की मला शिक्षा द्यायलासुद्धा कुणी नाही. ती म्हणाली, 'म्हणून तर प्रभूकडं जायचं. त्याला मढं दाखवावं लागत न्हाय.' आबा, आयुष्यात मला कुणी इतकं सरळ उत्तर दिलं नव्हतं.

दोन वर्षं मी दवाखान्यातच झाडलोटीचं काम धरून तिच्यापाशी शास्त्र ऐकलं. बाप्तिस्मा कऱ्हेच्या डोहात झाला. त्यात सगळं अंग पाण्याखाली घालतात. मला खात्री होती, की ती तिथं असणार आणि मला धरणार. खरं सांगू, तिनं धरावं असंच वाटत होतं. पाद्रीसाहेबांनी मला खाली घातलं. मी डोळे उघडे ठेवले. काही नव्हतं. गढूळ, गार, रिकामं पाणी. वर आलो आणि हुंदके आवरेनात. काठावरच्या लोकांना वाटलं, आनंदानं रडतोय. मावशीला तसं वाटलं नाही. घरी जाताना ती म्हणाली, 'पाटावर बसत जा. येईल त्याला वर काड. तोंड बघ.' तेव्हापासून दवाखान्यातलं काम संपलं की मी पाटावर जातो. आजवर तिघांना काढलं, तिघंही गेलेले. दर वेळी पंचनामा झाला, दर वेळी मी इंदापूरला साक्षीला गेलो. पाटकरी मला शिव्या घालतात आणि लोक मढेवाला ख्रिस्ती म्हणतात. म्हणोत बापडे. जिवंत एकही हाती लागलेला नाही, आणि मी वाट बघतो.

हे पत्र कुठं टाकणार? माझ्या शास्त्राच्या पुस्तकातच राहील. पाद्रीसाहेब सांगतात, गेलेल्यांसाठी प्रार्थना करायची नसते. मी मान डोलावतो आणि खोलीवर येऊन तुमच्यासाठी करतो. तुमचे शेवटचे दोन दिवस मला आता कळतात. तापात तुम्ही उजवा हात गोधडीखाली ओढून घेत होतात आणि म्हणत होतात, 'सोड बाई. सोड आता.' आईला वाटलं तिलाच म्हणताय. ती बिचारी रुसून चुलीपाशी जाऊन बसली. म्हणजे तुम्हालाही कुणीतरी धरलं होतं. आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत, मलासुद्धा नाही, नुसता तो बांबू माझ्या हातात दिलात. याचा मला राग येतो, आबा, अजून येतो. पण त्या संध्याकाळी आई विहिरीवर गेली होती आणि मी उंबऱ्यात उभा होतो. तुम्ही डोळे उघडलेत, मला ओळखलंत आणि तो हात गोधडीतून काढून माझ्याकडं पुढं केलात. मला तुमची भीती वाटली. मी जागचा हललो नाही. हात जरा वेळ तसाच राहिला, मग खाली पडला. आईला मी सांगितलं, झोपेतच गेले.