अंगणात ओतलेली वाटी

सासूबाई,

तान्ह्या यामिकानीची टाळू भरावी म्हणून तुम्ही त्याला मुळीचं पाणी पाजायला घेतलंत आणि मी वाटी हिसकावून अंगणात ओतली. "माझी पाच पोरं ह्यावरच वाढली! तुझं दूध काय सोन्याचं लागून गेलंय?" असं म्हणून तुम्ही सायकल टॅक्सीवर बसून गावी गेलात. तेव्हापासून गावभर माझा उद्धार चाललाय.

सोन्याचं नाही हो. माझ्या रक्तात एचआयव्ही आहे. आईला असलं की बाळाला होणारच, असं मीही धरून चालले होते. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "रडतेस काय? रोज गोळी घे, बाळाला औषध दे. सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय थेंबभर पाणीसुद्धा नको. वरच्या पाण्यानं कोवळं आतडं दुखावतं आणि आजाराला वाट मिळते."

आता यामिकानीचं दूध सुटलं. काल शेवटची तपासणी झाली. त्याच्या रक्तात काही निघालं नाही. आत्ता तो कोंबड्यांमागे धावतोय.

हे पत्र मी धाडणार नाही. तुम्हाला वाचता येत नाही, आणि चर्चच्या बाई ते आंब्याखाली सगळ्यांसमोर खणखणीत वाचतील. ह्या घरात गोळ्या मी एकटीच घेत नाही. तुमच्या लेकाचं, वायसनचं, हे तुम्हाला असं चारचौघांत कळायला नको.

वायसनबरोबर सुकी मासळी पाठवतेय. सुनेनं वाटी हिसकावली, हे खुशाल सांगत राहा. खरंच आहे ते.

तुमची उद्धट सून,
फालेसी