डावा रांजण

१२ मार्च, बुध.
निखिलचा फोन. चिकलठाण्याच्या फ्लॅटची किल्ली मिळाली त्याला. "आई, महिनाअखेर इकडं ये. पण ते रांजण नकोत हं. हॉलमध्ये माणसं बसवायची का रांजण?" खरं आहे लेकाचं. कमरेएवढे दोन, तोंडात स्पीकर छताकडं बघत बसवलेले. ह्यांनी बिडकीनच्या कुंभाराकडून घडवून आणले, तेव्हा कुंभाराला वाटलं लग्नघर आहे.

१४ मार्च, शुक्र.
डाव्यातल्या स्पीकरचा कागदी कोन फाटलाय. ह्यांचे जुने दुरुस्तीवाले सलीमभाई आले, स्पीकर काढून रुमालात गुंडाळून घेऊन गेले. "आठ रोज देव भाभी, जल्दी नक्को. ऐसा कागज अब कां मिलता." पुण्याचे एक गृहस्थ असले जुने, जगावेगळे स्पीकर जमवतात. त्यांना २३ ला बोलावलंय. विकायचं ठरलं, असं निखिलला सांगून टाकलं. ठरलंय का...

१९ मार्च, बुध.
कामाच्या सिंधूबाईंनी उघडा रांजण पाहिला. आतले घोंगडीचे तुकडे उपसून कचरागाडीत दिले, रांजण घासला, भरून ठेवला. "अक्का, उन्हाळा लागला अन् रांजण रिकामा? लई गार पाणी पडलंय बघा."
आवाज मऊ व्हावा म्हणून ह्यांनी घोंगडी कात्रीनं कापली होती. एक तुकडा घालायचा, ऐकायचं, काढायचा, पुन्हा घालायचा. दोन वर्षं. मी वैतागायचे. रागावायचं नाही ही कॉन्व्हेंटच्या सिस्टरांची शिकवण, आज जड गेली. पेलाभर पाणी प्यायले. गारच होतं.

२२ मार्च, शनि.
रांजण तीन दिवस उन्हात ठेवला. सलीमभाईंनी स्पीकर बसवला. सारंगीची जुनी तबकडी लावली. उजव्यातून नेहमीचंच, पलीकडच्या खोलीत कुणी वाजवत बसल्यासारखं. डाव्यातून कोरडं, उघडं.
"बोलता तो है भाभी. साब के सरीखा नै बोलता." नवी घोंगडी घालू म्हणाले. "कितनी डाले थे साब? कैसी?"
मला ठाऊक नाही. हे होते तेव्हा कधी विचारलंच नाही.

२३ मार्च, रवि., दुपार
निखिल आलाय, सलीमभाईही. पुण्याचे गृहस्थ तासभर डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "डाव्याचा आवाज जास्त स्वच्छ आहे. उजव्यातलीही घोंगडी काढू, म्हणजे जोडी जुळेल." पेचकस हातात घेतलाच होता. मी म्हटलं, थांबा. निखिल म्हणाला, "आई, अगं द्यायचेच आहेत ना?"
चहाचं निमित्त करून आत आलेय. सलीमभाईंचं म्हणणं वेगळं. उजव्यातले तुकडे बाहेर काढून बघू, तसेच कापून डाव्यात घालू, दोन्ही पहिल्यासारखे होतील. पण बघायला ते काढावेच लागणार. आणि ह्यांनी कुठला कुठं, कसा दुमडून ठेवलाय, ते त्या हातांनाच माहीत. एकदा हलले की उजवाही गेला. नाही हलवले, तर एकच राहतो, आणि एकट्याला घेऊन मी कुठं जाणार.
बाहेरून निखिलनं आता दुसऱ्यांदा हाक मारली.