कोणाचा बेडूक आधी थांबतो

२ जानेवारी

चि. साळुंकीस,
अ. उ. आ.

त्या सकाळी मी दूध तापवून झाकून ठेवलं, दुकानातल्या इस्त्र्या तापायला लावल्या आणि कोमट पाण्याच्या पेल्यात मीठ नि खायचा सोडा घालून चमचा फिरवला. ह्यांनी पेला घेतला. तोंड आतून सोलून निघालेलं, तरी बेसिनपाशी उभे राहिले, मान मागे टाकली आणि बेडूक बोलावला. बाकी काही विशेष घडलं नाही. मी सदऱ्यांच्या घड्या घालत होते, ते गुळण्या करत होते. पण तुझ्या नवऱ्याकडून कळलं की तुझेही घशावरचे किरणांचे लाईट सुरू होतायत, आणि मला तीच सकाळ आठवली.

गुळणीच्या आवाजाला तुम्ही भावंडं बेडूक म्हणता, हे मला लग्नानंतर कळलं. लहानपणी तुमची पैज असायची, कोणाचा बेडूक आधी थांबतो. थांबला तो हरला. दर वेळी ह्यांच्या घशात पाणी जायचं, खोकला यायचा आणि तू जिंकायचीस. त्यांचा घसा कच्चा, असं तू अजून समजतेस. समज बापडी.

आता कामाचं. तोंड बरं आहे तोवरच मीठ-सोड्याच्या गुळण्या सुरू कर, दुखायची वाट बघू नकोस. ब्रश मऊ घे. मानेला सुगंधी साबण नको, पावडर नको, चोळणं तर नकोच. मलम सिस्टर देईल तेच लाव. आणि स्थानकावरच्या तुझ्या गणवेशाची ती खळ घातलेली कॉलर महिनाभर विसर. खळीची कॉलर लाईटच्या कातडीवर करवतीसारखी चालते, हे इस्त्रीवालीकडून ऐक. सोबत ह्यांच्या जुन्या मऊ सदऱ्यांचे रुमाल करून पाठवतेय. ते गळ्याभोवती सैल गुंडाळ.

आणि मनात आणू नकोस. ह्यांचं हे दुखणं बरं झालं होतं. त्यानंतर कितीतरी वर्षं काढली त्यांनी. गेले ते हृदयाने.

फोनवर तू बोलायचं नाहीस म्हणे, डॉक्टरांनी आवाजाला विश्रांती सांगितलीय. मग लिही. इस्त्रीचे कपडे बांधायच्या रद्दीवर मी वाचायला शिकले, तेव्हा तुझं कोंबडीच्या पायाचं अक्षरही लागेल.

माया आहे तशीच आहे, तू फक्त खात राहा.

तुझी वहिनी

*

१५ जानेवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

साष्टांग लिहिलाय खरा, पण मान वाकत नाही, तेव्हा उभ्यानेच समजून घे.

मानेचा रंग आधी लाल होता, आता वांग्यासारखा होत चाललाय. दादाचे रुमाल तेवढे सहन होतात. तोंडात फोड आलेत. लाळ म्हणजे डिंक. चहा पुठ्ठ्यासारखा लागतो आणि पुठ्ठा खाऊन बघितला नाही, नाहीतर तो कदाचित चहासारखा लागेल. जिच्या आवाजावर अख्खं स्थानक गाड्या पकडायचं, ती आता पाटीवर लिहून पाणी मागते. आमचे घड्याळजी खूश आहेत. संसार सुरू झाल्यापासून दुकानातल्या सगळ्या घड्याळांची टिकटिक पहिल्यांदाच ऐकू येतेय म्हणतात.

तुला मुखवटा माहीतच असेल. गरम पाण्यातून काढलेली जाळीची पाटी चेहऱ्यावर दाबतात, ती चेहऱ्याबरहुकूम घट्ट होते आणि रोज तिच्याखाली आपल्याला टेबलाला खिळवतात, हलू नये म्हणून. मग सगळे बाहेर जातात आणि जाड दार लागतं. फळीवर सगळ्या पेशंटांचे मुखवटे ओळीने ठेवलेले असतात, डोळे मिटलेले. मशीनवाला म्हणाला की आपला कुठला ते पहिल्या दिवशी कोणालाच ओळखता येत नाही. मी ओळखला. नाक दादाचं होतं.

आता एक सांगते, हसू नकोस. सकाळी मी बेसिनपाशी गुळणी करते. माझा बेडूक सुरू झाला की जरा वेळाने दुसरा सुरू होतो. माझ्यापेक्षा खर्जातला. मी दचकून पाणी थुंकते, तरी तो चालूच राहतो, शांतपणे, जसं काही कोणी शेजारी मान मागे टाकून उभं आहे. मग मी बाहेर येते. घड्याळजींना ऐकू येत नाही. त्यांना टिकटिकीपुढे काय ऐकू येणार म्हणा.

नळाचाच आवाज असेल. तू उगाच काळजी करू नकोस, पण उत्तर लवकर दे.

तुझीच, सध्या मुकी,
साळुंकी

*

१९ जानेवारी

चि. साळुंकीस,
अ. उ. आ.

हसले नाही. नळवाल्याला बोलाव आणि पाईप खोलून बघायला सांग. भिंतीपलीकडे कोण राहतं तेही बघ. आधी सरळ कारण शोधावं, मग वाकडं.

फोडांसाठी डॉक्टर बधिर करायचं औषध देतात, जेवायच्या आधी तोंडात फिरवून थुंकायचं. मागून घे. अंगावर काढशील तर कोणी पदक देणार नाही. आंबट, तिखट, कढत बंद. खीर, पातळ भात, थंड दूध, जे उतरेल ते, थोडं थोडं. गुळण्या सोडू नकोस, काहीही ऐकू आलं तरी.

एक विचारते, नीट आठवून लिही. त्या दुसऱ्या आवाजाच्या शेवटी खोकला येतो का?

तुझ्यावर जीव असलेली,
वहिनी

*

२४ जानेवारी

ती. वहिनीस,
सा. न.

नळवाला येऊन गेला. पाईप स्वच्छ निघाला. भिंतीपलीकडे कोणी नाही, ती बाहेरची भिंत आहे. तिच्यापलीकडे नुसती हवा.

खोकला येत नाही. कुठून येणार, तो थांबतच नाही. पण तुला खोकल्याचं कसं सुचलं? त्या आवाजाबद्दल लिहिताना मी तर दादाचं नावही घेतलं नव्हतं. म्हणजे तुलाही तेच वाटतंय.

मी गुळण्या बंद केल्यात. बधिर करायचं औषधही तसंच पडलंय, बेसिनपाशी जावं लागतं म्हणून. घड्याळजींना वाटतं मी आत गुळण्या करते; मी नळ सोडून दाराशी उभी राहते. पाणी गिळलं तरी काचा गिळल्यासारखं होतं, म्हणून गेले काही दिवस जवळजवळ काही खाल्लं नाही. चेहरा उतरलाय. मुखवटा सैल झालाय, वहिनी. आधी तो नाकाला, गालाला चिकटायचा. आता आत जागा झालीय. काल दार लागल्यावर मला स्पष्ट वाटलं की त्या जागेत माझ्याबरोबर कोणीतरी चेहरा ठेवलाय. गालाला गार लागलं.

दादा बोलावतोय. लहानपणी विहिरीवर, गच्चीवर, सगळीकडे तो पुढे आणि मी मागे. मी हटकून त्याच्यामागे जायची, हे त्याला माहीत आहे. उद्यापासून मी लाईटला जाणार नाही. त्या मुखवट्याखाली मी पुन्हा झोपणार नाही.

रागावू नकोस.

साळुंकी

*

२७ जानेवारी

ती. वहिनींस,
कृ. सा. न. वि. वि.

मला लिहिता येत नाही, बारीक स्क्रू बरे पडतात. ही तीन दिवस दवाखान्यात गेलेली नाही. पाटीवर ‘नाही’ एवढंच लिहिते. तोंड आतून पांढरं पडलंय. डॉक्टर म्हणाले की अर्ध्यावर सोडलं तर आजवर सोसलं ते पाण्यात जाईल. म्हणाले, खंड वाढू देऊ नका, मुखवटा नवा करून देतो, तोंडातल्या बुरशीला औषध देतो, नळीने खायला घालायची वेळ येऊ देऊ नका. मी हिला सगळं सांगितलं. हिने ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी बेसिनपाशी बराच वेळ कान लावून उभा राहिलो. मला काही ऐकू आलं नाही. ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं, निदान दोघं मिळून घाबरलो असतो.

ती तुमचंच ऐकेल. याल का?

आपला नम्र

*

२९ जानेवारी

चि. साळुंकीस,
अ. उ. आ.

हे पत्र पार्सलवाल्याच्या हाती पुढे पाठवतेय. सकाळी तुला मिळेल, दुपारपर्यंत मी येईन. दुकान बंद ठेवलंय. लोक एक दिवस चुरगळलेले हिंडतील.

रागावले नाही. पण तुझी चूक झालीय ती सांगते.

मलाही ऐकू येतं. तुझे लाईट सुरू झाले त्याच आठवड्यापासून. मी ह्यांचा पेला अजून बेसिनवर ठेवते, तुला माहीत आहे. सकाळी इस्त्र्या तापायला लावल्या की आतून आवाज येतो. पहिल्यांदा माझ्या हातून सदरा जळला. मग सवय झाली. खरं सांगायचं तर आता मी त्याच्या आधी उठून बसते. घरात इतक्या वर्षांनी कोणी तोंड धुतंय, याचं बरं वाटतं. म्हणून तुला लिहिलं नाही.

ते तुला बोलावत नाहीत. बोलवायचं असतं तर आधी मला बोलावलं असतं. मी काय त्यांच्या वाटेवर नाही? अगं, ते पैज लावतायत. तुझा बेडूक सुरू झाल्यावर त्यांचा सुरू होतो, तो याचसाठी. तुझ्या दादाचा घसा कच्चा नव्हता. लग्नानंतर त्यांनी मला दाखवलं होतं, माझं दळण आटपेपर्यंत गुळणी चालली होती. तू रडू नयेस म्हणून ते मुद्दाम थांबायचे आणि खोकायचे. आताही तेच करायला आलेत. पण तू त्यांचा आवाज ऐकल्याबरोबर पाणी थुंकून पळतेस. मग त्यांनी काय करावं? ह्यांना हरायचंय, साळुंके. हरायला जरा वेळ तरी दे.

हरले की ते जातील. तुझ्याकडून आणि माझ्याकडूनही. हे मला ठाऊक आहे, आणि ठाऊक असून लिहितेय.

बधिर करायचं औषध काढून ठेव. आधी ते, मग मीठ-सोडा. मी मागे उभी राहीन.

येतेच आहे,
वहिनी

*

२ मार्च

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

आता मान थोडी वाकते, म्हणून शिरही घातलं.

लाईट संपले. नवा मुखवटा शेवटपर्यंत घट्ट होता, त्यात माझ्याशिवाय कोणी मावलं नसतं. मान साप कात टाकतो तशी सोलली आणि खाली कोवळी गुलाबी कातडी आलीय. फोड भरतायत. काल दुधाला दुधासारखी चव लागली आणि मी घड्याळजींसमोर रडले. त्यांना वाटलं दूध नासलं. पुढची तपासणी काही महिन्यांनी आहे. डॉक्टर आज काही शब्द देत नाहीत, पण हसले.

त्या सकाळी तू माझ्या पाठीशी होतीस, म्हणून तुला माझं तोंड दिसलं नाही. सांगते. मी डोळे मिटले होते. तो सुरू झाला आणि तुझा हात पाठीवर आला. मी थांबले नाही. इतका वेळ मी आयुष्यात कधी गुळणी केली नाही. आणि मग तो अडखळला. घशात पाणी गेल्यासारखा खोटा खोकला, अगदी तोच. मी पाणी थुंकून आरशात पाहिलं तर तू टॉवेलची घडी घालत होतीस. मी महिनाभर बोलले नव्हते, तरी माझ्या तोंडून एकच शब्द निघाला, तो तू ऐकलास: “हरला.”

त्यानंतर तू इतके दिवस राहिलीस, मला भरवलंस, मलम लावलंस, पण तो विषय काढला नाहीस. वहिनी, तुला खोकला ऐकू आला का?

तुझी, पुन्हा बोलकी होऊ घातलेली,
साळुंकी

*

८ मार्च

चि. साळुंकीस,
अ. उ. आ.

ऐकला.

दुधाची बातमी वाचून मीही दूध प्यायले, एरवी मला आवडत नाही. मानेला ऊन लागू देऊ नकोस, नवी कातडी आहे. तोंड कोरडं पडतं ते बरेच दिवस राहील, बाटली जवळ ठेव. आवाज परत आला तरी कामावर जायची घाई करू नकोस. गाड्या तुझ्याशिवायही सुटतात.

तू विचारलं नाहीस तरी इकडचं सांगते. घरी परतले त्याच्या पुढच्या सकाळी नेहमीच्या आधी उठले. दूध तापवून झाकून ठेवलं. पेल्यात कोमट पाणी, मीठ, सोडा घालून चमचा फिरवला, पेला बेसिनवर ठेवला आणि इस्त्र्या तापायला लावून बसले. इस्त्र्या तापल्या, पुन्हा निवल्या. एक गिऱ्हाईक दार वाजवून गेलं. आतून काही आलं नाही. जाऊन बघितलं, पाणी गार झालं होतं आणि मीठ तळाशी बसलं होतं. मी तेच पाणी घेऊन मान मागे टाकली आणि जमेल तेवढा वेळ बेडूक बोलावला. उत्तर आलं नाही. मला ह्यांनी कधी पैजेत घेतलंच नव्हतं, ती तुमची दोघांची होती.

रडले नाही असं लिहिणार नाही. पण चुकलं असंही वाटलं नाही. तू दूध पितेस.

दुसऱ्या दिवशी मी त्यांचा पेला घासून बाकीच्या पेल्यांत ठेवला.

तुझी वहिनी