हे बटण बंद करू नये

३ मार्च, सोमवार
रंग आला! भंगारातल्या सर्किटांचा चुरा, त्यावर माझे जिवाणू, आणि पाणी चक्क निळसर — म्हणजे तांबं सुटतंय! ना भट्टी, ना धूर. हा विषारी चुरा पचवायची सवय त्यांना लावता लावता वर्ष गेलं माझं. मोठ्या बाई (विभागप्रमुख, हसतात क्वचित) म्हणाल्या, ‘‘बरंय. महिनाअखेर अनुदानवाले पाहुणे येतील तेव्हा असंच दिसू दे.’’ त्यांना दिसलं तर काम पुढे चालणार, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

५ मार्च
आई आज मला ‘ताई’ म्हणाली. तिची बहीण समजून. मी ओ दिली — दुसरं काय करणार? पण बटणं मात्र विसरत नाही! मी अंघोळीला गेले की बाहेरून दिवा बंद. ‘‘वीज काय फुकट येते?’’ डोळ्यांत साबण, सगळा काळोख, आणि मी आत बोंबलतेय.

७ मार्च, शुक्रवार
आईला सांभाळणाऱ्या मावशी आल्याच नाहीत. दादाला फोन केला. ‘‘मी एवढ्या लांबून काय करणार? तूच बघ.’’ बघते! आणलं तिला लॅबमध्ये. शहाण्यासारखी स्टुलावर बसली. फ्लास्क हलवत ठेवणारं यंत्र बघून म्हणाली, ‘‘अगंबाई, पाळण्यात घातलंस की यांना!’’ सगळे हसले. निघताना मी गाऊन टांगायला गेले, तेवढाच वेळ काय ती एकटी होती.

१० मार्च, सोमवार
मेले. सगळे.
शुक्रवारपासून यंत्र बंद. हवा नाही, ऊब नाही. फ्रिजमध्ये मूळ जिवाणू आहेत, पण त्यांना या चुऱ्याची सवय नाही. पुन्हा श्रीगणेशा. भिंतीवरचं बटण कुणी बंद केलं, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.
घरी येऊन आईवर ओरडले. वाट्टेल ते बोलले. ती एक पाऊल मागे सरकली. मग हळूच, ‘‘रागावू नका हो बाई. मी कुणाच्या वस्तूला हात लावत नाही.’’
मला अहो-जाहो! कुठे तोंड लपवू?

१२ मार्च
घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या — ‘हे बटण बंद करू नये.’ तिने सगळ्या काढल्या, घडी घालून उशीखाली ठेवल्या. दिवे बंदच.

२८ मार्च
पाहुणे आले, गढूळ पाणी पाहिलं, चहा प्यायले, गेले. नवे जिवाणू चुरा घातला की मरतात. चिमूटभर घातला तरी मरतात. मोठ्या बाई त्यांना सोडायला गेल्या, त्या परत लॅबकडे फिरकल्याच नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हात टेकले मी.

३ एप्रिल
घरी आले तर सगळ्या खोल्यांतले दिवे लख्ख. बाथरूमचासुद्धा. मावशी खुशीत — ‘‘आज काही त्रास नाही हो! एकदाही बटणाला हात लावला नाही.’’
मी आईचा हात धरून बटणावर नेला. ‘‘आई, वीज काय फुकट येते?’’
तिने बटणाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. हात तसाच राहिला.